तारीख नसलेला दिवस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय होणार हे पांढुर्ण्यात लहान पोरालाही माहीत असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे खोड रोवतात, त्यावर झेंडा चढतो, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव, अशी दगडफेक सुरू होते. या गोटमारीची तिथी ठरलेली. आधी शांतता समितीच्या बैठका होतात, काठावर डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस येऊन उभे राहतात. मागे एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही चालले नाही. दिवस ठाऊक, जागा ठाऊक, धोका ठाऊक, आणि तरी दरवर्षी डोकी फुटतात. तारीख कळली की माणूस शहाणा होतो हा समज आमच्या भागात तरी टिकण्यासारखा नाही.

हे पुस्तक ज्या दिवसाबद्दल आहे त्याला तिथी नाही. ख्रिस्ती माणूस उपासनेत विश्वासांगीकार म्हणतो तेव्हा येशू ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, हेही त्यात म्हणतो. कॅथलिक, ल्युथरन, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, कोणीही असो, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत आहे. पुढचा प्रश्न ‘केव्हा’. त्यावर जवळजवळ दोन हजार वर्षे वाद चालू आहे, आणि वाद घालणाऱ्यांत मूर्ख थोडे, विद्वान फार.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागात ख्रिस्ती घरे मोजकी. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि शेजारी सगळ्या जातिधर्मांचे. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे धर्मशास्त्राच्या वर्गात न येता चहाच्या टपरीवर येतो : ‘काय भाऊ, तुमच्यात जग बुडणार म्हणतात, ते कधी?’ विचारणारा अर्धा थट्टेत असतो, अर्धा खरोखर विचारत असतो. त्याला ‘माहीत नाही’ म्हटले की तो हसतो, कारण त्याला ती पळवाट वाटते. ती पळवाट नाही. ‘माहीत नाही’ हीच मूळ शिकवण आहे, आणि ती ज्यांनी सोडली त्यांचे काय झाले ते इतिहासात नोंदलेले आहे. एवढे दाखवून देता आले तरी पुस्तकाचे काम झाले असे मी धरतो.

मूळ प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. यरुशलेमेच्या मंदिरातून बाहेर पडताना एक शिष्य तिथल्या प्रचंड दगडांकडे बोट दाखवतो, केवढ्या या इमारती म्हणतो. येशू सांगतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. पुढे जैतुनांच्या डोंगरावर पेत्र, याकोब, योहान आणि अंद्रिया त्याला एकांतात गाठतात आणि तोच टपरीवरचा प्रश्न विचारतात. उत्तरात लढाया येतात, भूकंप येतात, दुष्काळ येतात, खोटे ख्रिस्त येतात, कोवळी फांदी फुटलेले अंजिराचे झाड येते. बत्तिसाव्या वचनात मात्र येशू सांगतो की तो दिवस आणि ती घटका स्वर्गातल्या दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे.

मंदिर इ. स. ७० मध्ये पडले. तीत या रोमन सेनापतीच्या फौजेने ते जाळले. म्हणजे शिष्यांच्या प्रश्नाचा एक भाग चाळिसेक वर्षांत निकालात निघाला. दुसरा भाग अजून बाकी आहे. या अध्यायातले कोणते वाक्य त्या पडलेल्या मंदिराचे आणि कोणते जगाच्या शेवटाचे, हे वेगळे काढणे सोपे नाही. भाष्यकारांची निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात.

‘पुत्रालाही नाही’ हे शब्द मंडळीला फार जड गेले. चौथ्या शतकात पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्या एरियसच्या अनुयायांनी ते उचलून धरले : ज्याला सगळे माहीत नाही तो देव कसा? त्यांचा विरोधक अथनासियस याने उत्तर दिले की येशू इथे मनुष्य या नात्याने बोलतो, आणि न जाणणे हा मनुष्यपणाचा भाग आहे. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात हेच वचन पुन्हा येते, पण तिथे अनेक हस्तलिखितांतून ते शब्द गायब आहेत. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ते मार्कात आहेत आणि मत्तयात नाहीत. नक्कल करणाऱ्यांपैकी कोणाचा तरी हात थबकला असावा. मला हे फार बोलके वाटते. खुद्द ज्याच्या येण्याची वाट पाहायची तो म्हणतो मला तारीख ठाऊक नाही. आणि त्याच्या नावाने उभे राहणारे मात्र कॅलेंडर घेऊन बसतात.

शिष्यांनी पुनरुत्थानानंतर पुन्हा विचारून पाहिलेच. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात त्यांना उत्तर मिळते की काळ आणि समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणे तुमचे काम नाही. आणि लगेच काम सांगितले जाते. या न कळण्याबद्दल येशूने दिलेला दाखला न सांगता येणाऱ्या चोराचा आहे. आमच्याकडे बागेत जागल करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. रानडुकरे कोणत्या रात्री येणार हे कळले असते तर बाकीच्या रात्री तो घरी झोपला असता. कळत नाही म्हणून तो रोज मचाणावर असतो.

हे लक्षात न घेणारे पहिल्याच पिढीत निघाले. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रे लिहिली ती इ. स. ५० च्या आसपास. पहिल्या पत्रात लोकांची चिंता अशी की प्रभू येण्याआधी जे मेले त्यांचे काय? दुसऱ्या पत्रात काहींची तऱ्हाच निराळी. दिवस आलाच आहे म्हणून ते कामधंदा सोडून गावभर लुडबुड करत होते. पौल चिडलेला दिसतो. काम करायचे नसेल त्याने जेवूही नये, असे तो बजावतो. जगाच्या अंताची गणिते मांडणाऱ्याला उद्देशून आजवर जे जे लिहिले गेले त्यात इतके रोखठोक मी दुसरे वाचलेले नाही.

मधली शतके ओलांडून थेट सोळाव्या शतकात येतो, कारण आमच्या जिल्ह्याचा धागा तिथे लागतो. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. तोवर पांढुर्णा आणि सौंसर दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात होते. स्वीडनहून आलेल्या ल्युथरन मिशनच्या कामातून उभी राहिलेली इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च इन मध्य प्रदेश ही मंडळी, तिचे मुख्यालय छिंदवाड्याला. तेव्हा ल्युथरन लोक शेवटच्या काळाबद्दल काय मानतात हे आमच्यासाठी दूरच्या देशातले प्रकरण नाही.

१५१६ च्या डिसेंबरात रोममधल्या पाचव्या लॅटरन परिषदेने प्रवचनकारांना ताकीद दिली की न्यायाच्या दिवसाची किंवा ख्रिस्तविरोधकाच्या येण्याची ठरावीक वेळ कोणी व्यासपीठावरून सांगू नये. दहाच महिन्यांनी मार्टिन ल्यूथरने रोमविरुद्ध आघाडी उघडली. बाकी पुष्कळ गोष्टींत दोघांचे फाटले, या एका बाबतीत मात्र फारसे अंतर पडले नाही. ल्युथरनांचा १५३० चा आउग्सबुर्गचा विश्वासांगीकार सतराव्या कलमात ख्रिस्त शेवटल्या दिवशी न्यायाला येईल एवढे म्हणतो, तारीख देत नाही, आणि त्याआधी पृथ्वीवर फक्त धार्मिकांचे राज्य येईल ही कल्पना नाकारतो.

आणि तीनच वर्षांत ल्यूथरच्या स्वतःच्या मित्राने तारीख काढली. मिखाएल श्टिफेल. आधी ऑगस्टिनी संन्यासी, मग सॅक्सनीतल्या लोखाऊ गावचा पाळक, आणि आकड्यांचा वेडा. अक्षरांना किमती देऊन त्याने बायबलातून हिशेब मांडला आणि उत्तर काढले : १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ. ल्यूथरने समजावले, थांबवायला पाहिले. श्टिफेल ऐकेना. शेतकऱ्यांनी कामे टाकली, काहींनी जवळचे सगळे खर्चून टाकले, लोक लांबून लोखाऊला जमले. आठ वाजून गेले. लोकांचा संताप आवरेना. श्टिफेलला धरून विटेनबर्गला नेले, त्याची जागा गेली. ल्यूथर आणि त्याचा सहकारी मेलांख्थोन यांनी रदबदली केली म्हणून तो वाचला आणि पुढे त्याला दुसरे गाव मिळाले. मग या गृहस्थाने बायबलावरचा हिशेब आवरता घेऊन खरे गणित हाती घेतले. १५४४ साली त्याचा ‘अरिथमेटिका इंटेग्रा’ हा ग्रंथ आला. घातांकांवर त्यात जे काम आहे त्याची गणिताच्या इतिहासात आजही दखल घेतली जाते. डोके तेच, आकडे तेच. फक्त प्रश्न बदलला.

ल्यूथरच्या नावावर एक वाक्य सर्रास खपते, उद्या जग संपणार असे कळले तरी मी आज सफरचंदाचे झाड लावीन अशा अर्थाचे. आमच्याकडे कोणी कोणी त्यात सफरचंदाच्या जागी संत्रे घालतात. त्याच्या लेखनात ते कुठेही सापडलेले नाही. लेखी पुरावा मिळतो तो १९४४ चा, युद्धातल्या जर्मनीतला. तरी ते आमच्या भागात का आवडते ते कळते. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून संत्र्याचे कलम लावले की पुढची चार-पाच वर्षे हाती काही येत नाही, खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. ज्याने एकदा बाग लावली त्याला ‘प्रभू लवकर येणार’ आणि ‘बँकेचा हप्ता भरायचा आहे’ या दोन गोष्टी एकाच डोक्यात ठेवता येतात.

वादाचा दुसरा खांब प्रकटीकरणाचा विसावा अध्याय. तिथे सहस्र वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. प्राचीन मंडळीचा धर्मपंडित ऑगस्टिन याने ती हजार वर्षे म्हणजे मंडळीचा चालू काळ असे धरले. कॅथलिक आणि ल्युथरन बहुतेक त्याच्याच वाटेने जातात. दुसरा पक्ष म्हणतो, सुवार्ता, शाळा, दवाखाने यांनी जग हळूहळू सुधारेल आणि त्या सुधारलेल्या जगाच्या अखेरीस ख्रिस्त येईल. तिसरा म्हणतो, जग बिघडतच जाणार, ख्रिस्त आधी येणार आणि मग राज्य. यातच जॉन नेल्सन डार्बी याने १८३० नंतर विश्वासणाऱ्यांना गुपचूप उचलून नेण्याची कल्पना पसरवली. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलाच्या तळटीपांनी ती जगभर नेली. आज मोबाइलवर ऐकू येणारी बहुतेक मराठी-हिंदी प्रवचने याच तिसऱ्या घराण्यातली. बोलणाऱ्याला ते माहीत असतेच असे नाही. त्याला वाटते, मी तर नुसते पवित्र शास्त्र वाचतो.

मराठी मुलखात ही मते पुस्तकातून आली नाहीत, माणसांबरोबर आली. १८३३ मध्ये जोसेफ वोल्फ नावाचा भटका धर्मोपदेशक हिंदुस्थान पायाखाली घालत मुंबईला आला. हिंदुकुशात लुटला जाऊन अंगावर चिंधी नसता शेकडो मैल चाललेला हा माणूस १८४७ साली ख्रिस्त येणार म्हणून सांगत होता. तो १८६२ पर्यंत जगला. अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन बरोबर उलट टोकाची. तिच्या लोकांना दूरचा पल्ला दिसत होता, म्हणून त्यांनी शाळा काढल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले. हे मिशनरी ज्या मुलखातून आले, त्याच न्यू इंग्लंड-न्यूयॉर्कच्या बाजूला तेव्हा विल्यम मिलर हा शेतकरी दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या तेवीसशे दिवसांची वर्षे करून सांगत होता. शेवटची तारीख निघाली २२ ऑक्टोबर १८४४. काहींनी शेतातले बटाटे उकरलेच नाहीत. रात्र गेली, सकाळ झाली, पुष्कळ जण ओक्साबोक्शी रडले. त्यातून सावरलेल्यांचा एक गट पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट झाला. त्याने पुन्हा तारीख दिली नाही. त्याचेच स्पायसर कॉलेज १९४२ मध्ये पुण्याला आले. आगमन जवळ आहे म्हणणारा पंथ महाविद्यालयाच्या इमारती बांधतो, यावर काही जण हसतात. मला त्यात विसंगती दिसत नाही; चटका बसून आलेले शहाणपण दिसते.

कवी नारायण वामन टिळकांना तर या सगळ्या हिशेबाची गोडी नव्हती. त्यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ उभारला तो चालू काळातला, मराठी मातीतला.

पण मराठी ख्रिस्ती इतिहासात शेवटच्या काळाची आच कुठे सर्वांत जास्त जाणवली असेल तर केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तीसदनात. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपाशी मुली, बालविधवा सोबत घेऊन आल्या. छिंदवाडा तेव्हा मध्य प्रांतातच होता. मार्काच्या तेराव्या अध्यायातला दुष्काळ या मुलींनी वाचायच्या आधी पाहिला होता. त्यांचे जग एकदा संपून गेलेले होते. जून १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेचे उधाण आले. एका मुलीला दुसरी ज्वाळांत वेढलेली दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, ही हकिगत तेव्हापासून सांगितली जाते. मिनी अब्रॅम्स या सहकारी बाईने १९०६ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. हा कापणीआधीचा शेवटचा पाऊस आहे, प्रभू दाराशी आहे, ही त्या लोकांची समजूत. ती पुस्तिका चिलीमध्ये विलिस हूव्हर या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोहोचली आणि १९०९ मध्ये तिथे पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली.

आता रमाबाईंनी स्वतः काय केले ते पाहा. प्रभू कधीही येईल असे मानणाऱ्या या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून अख्खे बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. आश्रमातल्या बायका खिळे जुळवायला शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. काम वर्षानुवर्षे चालले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. लवकर येणारा प्रभू आणि लांबत जाणारे काम यांत त्यांना भांडण दिसले नाही. धर्मपंडितांच्या तीन पक्षांत त्या कुठे बसतात हे ज्याला ठरवायचे त्याने ठरवावे, मला त्याची निकड वाटत नाही.

नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयीही इथे लिहायला हवे, कारण सौंसरचे नाव जगात ज्या शास्त्रात चालते त्याच शास्त्राचे ते अभ्यासक. १८४५ मध्ये ते नागपूरला आले, शाळा काढली, आणि सवड मिळेल तशी हातोडी घेऊन या भागातले खडक आणि जीवाश्म गोळा केले. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ‘सौंसर’ म्हणजे मँगनीज पोटात असलेले अतिप्राचीन खडक. त्यांचे वय कोटी कोटी वर्षांत मोजतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शंख-शिंपले हातात घेऊन बघणारा हा मिशनरी ख्रिस्त पुन्हा येणार असे मानणाऱ्या विश्वासाचाच उपदेशक होता. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय पंचेचाळीस. त्यांच्यापुरता दिवस असाच, न कळवता आला.

शेजाऱ्यांच्या विश्वासांविषयी पुस्तकात एक प्रकरण आहे, ते छोटे ठेवले आहे. पुराणांच्या हिशेबाने कलियुग ४,३२,००० वर्षांचे आणि त्यातली जेमतेम पाच हजार सरली, म्हणजे घाई नाही. मुसलमान शेजारी सांगतो, कयामतीची घडी फक्त अल्लाला ठाऊक. इथे तो मार्काच्या फार जवळ येतो. भीतीला मात्र धर्म लागत नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एकत्र येण्याच्या, म्हणजे अष्टग्रहीच्या, धसक्याने देशभर यज्ञ झाले. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब ही अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव लोक हवालदिल झाले. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओवाल्याने २१ मे २०११ ही तारीख दिली, ती चुकल्यावर ऑक्टोबरची दिली. करोनाच्या साथीत लस म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाची खूण, हा मजकूर मोबाइलवर फिरला, आणि शिकलेल्यांनीही तो पुढे ढकलला.

या घबराट विकणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो पुस्तकात जागोजाग दिसेल. म्हातारी माणसे औषध बंद करतात, पोरगी परीक्षेचा फॉर्म भरत नाही, कोणी शेत मिळेल त्या भावाने काढतो. नुकसान नेहमी ऐकणाऱ्याचे होते. सांगणारा पुढच्या गावाला गेलेला असतो. पण दुसरी बाजू न लिहिणे अन्यायाचे होईल. पहिल्या शतकातले ख्रिस्ती ‘मारानाथा’, प्रभू ये, अशी प्रार्थना करत. घाबरलेला माणूस अशी हाक मारत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, ज्याचा खटला कोर्टात वर्षानुवर्षे पडून आहे, त्याला न्यायाचा दिवस ही धमकी वाटत नाही, दिलासा वाटतो. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या आम्हा मंडळींना तो दिवस जरा लांबच बरा वाटतो, आणि आमचे धर्मशास्त्रही मग त्याच बेताने सौम्य होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस आंबिया बहाराची संत्री मंडीत असतात, त्याच सुमारास मंडळीत आगमनकाळ सुरू होतो. पहिल्या रविवारी अनेक मंडळ्यांत गोठ्यातल्या बाळाऐवजी शेवटच्या दिवसाचा पाठ वाचला जातो. नाताळच्या खरेदीच्या नादात तो कानावरून जातो. हे पुस्तक त्या चार आठवड्यांत वाचले तर सोयीचे पडेल. सुरुवात प्रकटीकरणाच्या प्रकरणापासून करू नये. श्वापदे आणि आकडे पाहायला सगळेच आधी तिकडे धावतात. आधी मार्काचा तेरावा अध्याय, मग थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रे, मग पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय, आणि प्रकटीकरण सगळ्यांत शेवटी. आजवर दिल्या गेलेल्या तारखांची पूर्ण यादी काहींनी मागितली होती. ती जोडलेली नाही. चुकलेल्या तारखा मोजून फक्त हसता येते, आणि लोखाऊच्या ज्या शेतकऱ्यांनी पेरणी सोडली होती त्यांना हसण्यात मला रस नाही.